सातपुड्यात पाण्यात उतरावे कुठे?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याच्या काठांची वाणही नाही. उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, मधल्या सपाटीवर तापी, दोघींच्या मध्ये सातपुड्याची आडवी रांग आणि नवापूरच्या बाजूला सह्याद्रीची उतरती टोके. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पावसाळा लागला की डोंगराचे नाले गाजू लागतात. मग सुरत, धुळे, जळगाव आणि मध्य प्रदेशातल्या खेतिया-बडवानीकडून गाड्या तोरणमाळ आणि वाल्हेरीकडे वळतात. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची असते: इथे पोहता येते का?

ठिकाणांची यादी देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण त्या यादीने माणसे मरतात. एखादा डोह सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्या खोलीपेक्षा त्या पाण्याची ओळख असलेला कोणी काठावर आहे की नाही, यावर ठरते. खडक कुठे संपतो, भोवरा कुठे धरतो, वर ढग भरला की पाणी किती वेळात चढते, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे तो माणूस म्हणजे या डोंगरातली खरी सुरक्षाव्यवस्था. गेल्या पन्नासएक वर्षांत जिल्ह्यातले बरेचसे पाणी अनोळखी झाले आहे. त्यामुळे जिल्ह्यातल्या काठांचा आढावा घेताना सौंदर्याआधी ही ओळख तपासावी लागते.

आधी डोंगराचे पाणी. सातपुडा इथे काळ्या बेसाल्टचा आहे आणि त्या थरांना चिरत उभ्या खडकाच्या भिंती, म्हणजे भूशास्त्रज्ञ ज्यांना डाइक म्हणतात त्या, पूर्व-पश्चिम गेलेल्या आहेत. नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या डाइकांचा समूह अभ्यासकांना चांगला परिचित आहे. कठीण आणि मऊ खडक असा आलटून-पालटून आला की ओढा पायऱ्या पाडत उतरतो. प्रत्येक पायरीखाली डोह तयार होतो आणि भोवऱ्यात फिरणारे गोटे तळाला रांजणखळगे कोरत राहतात. निघोजला कुकडीच्या पात्रात जे मोठ्या प्रमाणावर दिसते, तेच इथे लहान आकारात जागोजागी आहे. पोहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की रांजणखळग्याला उतार नसतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी घेतो आणि आतल्या भिंती गुळगुळीत असल्याने हाताला धरायला काही मिळत नाही.

या पाण्याचा हंगामही छोटा आहे. जून ते सप्टेंबर नाले गढूळ आणि बेभरवशाचे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी निवळते, तळ दिसू लागतो, आणि डुंबायचे तर तेच दिवस खरे. पुढे थंडी पडते. अक्कलकुवा तालुक्यात डाब आणि वालंबा भागात कडाक्याच्या हिवाळ्यात गवतावरचे दवही गोठते. फेब्रुवारीनंतर बहुतेक ओढे आटत जातात आणि एप्रिल-मेमध्ये त्याच डोंगरातल्या बाया हंडाभर पाण्यासाठी दऱ्या उतरतात-चढतात. ज्या झऱ्यावर गाव उन्हाळा काढते, त्यात उतरून साबण लावणे हा सरळसरळ अपराध आहे. पर्यटकाला हे सांगणारी पाटी मात्र कुठे दिसत नाही.

तळोदा तालुक्यातले वाल्हेरी पायथ्याजवळ असल्याने सगळ्यांत जास्त गर्दीचे. अक्कलकुव्याहून मोलगीकडे चढणाऱ्या देवगोई घाटात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेलाच धारा कोसळतात. त्या पाहायच्या, त्यांच्याखाली उभे राहायचे नाही, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. तोरणमाळ हे सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरचे, राज्यातले उंचीने दुसऱ्या क्रमांकाचे म्हणून ओळखले जाणारे थंड हवेचे ठिकाण. तिथला यशवंत तलाव विस्तीर्ण आणि देखणा आहे. पावसाळ्यात त्याचे वाहून जाणारे पाणी सीताखाईच्या दरीत झेप घेते. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेसाठी तीन राज्यांतले भाविक इथे जमतात. तलाव नौकाविहाराचा आणि काठावर बसण्याचा आहे. पोहण्यासाठी आखलेली उथळ जागा तिथे नाही, आणि सीताखाईच्या माथ्यावरच्या ओल्या खडकावर कोणी पाय ठेवूच नये.

बिलगावविषयी थोडे थांबून लिहायला हवे. अक्राणीच्या पठारावरून उत्तरेकडे वाहणारी उदई नदी नर्मदेला मिळण्याआधी बिलगावजवळ कातळावरून अनेक धारांनी कोसळते. जिल्ह्यातले सर्वांत सुंदर पाणी कोणते असे मला कोणी विचारले तर मी हेच नाव घेईन. या धबधब्यावर जानेवारी २००३ मध्ये गावाने वीज निर्माण केली. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते यांच्या मदतीने लोकांनी श्रमदान करून बंधारा आणि कालवा बांधला. १५ किलोवॅटचे ते छोटे जनित्र होते आणि पाड्यांमध्ये पहिल्यांदा दिवे लागले. २००४च्या ‘स्वदेस’ चित्रपटातल्या वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. २००६च्या पावसाळ्यात नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचे फुगलेले पाणी उदईच्या मुखातून आत शिरले आणि हा प्रकल्प बुडाला. कोणत्या महिन्यात धार किती, पात्र कुठे रुंद, कुठे अरुंद, हे गावाला इतके नेमके ठाऊक होते की त्या ज्ञानावर वीजघर उभे राहिले. पाण्याची पातळी दुसरीकडून ठरू लागली आणि ते ज्ञान निरुपयोगी झाले.

नर्मदेच्या काठावर हेच फार मोठ्या प्रमाणात घडले. धरणाआधी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांच्या सीमेवर नर्मदेला वाळूचे काठ होते. पूर ओसरला की पात्राच्या कडेने स्वच्छ वाळू उघडी पडे, मुले तिथेच पोहायला शिकत, मासेमारी तिथून चाले, गुरे तिथे पाण्यावर येत. मणिबेलीच्या शूलपाणेश्वराच्या देवळापाशी स्नानाला दूरदूरचे लोक येत. गोड्या पाण्याचा समुद्रकिनारा म्हणावा असे काही महाराष्ट्रात होते तर ते इथे होते. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित केली. मणिबेली त्यांतले पहिले. जुने देऊळ पाण्याखाली गेले आणि नवे गुजरातमध्ये गोऱ्याला बांधले गेले.

धरणाचे पाणी म्हणजे मोठा तलाव, मग त्याला काठ का नसावा, असे वाटू शकते. उत्तर दोन आकड्यांत आहे. या जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान पातळी ११०.६४ मीटर. वर्षभरात पाणी उभ्या रेषेत कित्येक मीटर वर-खाली होते आणि हा सगळा पट्टा डोंगराच्या तीव्र उतारावर आहे. वाळू साचायला लाट आणि पातळी स्थिर लागते. इथे साचतो तो गाळ. पाणी उतरले की वरून वाळलेला आणि खाली लोण्यासारखा मऊ असा चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात गुरे रुततात आणि माणसेही रुततात. पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडे उभी आहेत. मगरी आहेत. गावाजवळ उथळ, वाहते, तळ दिसणारे पाणी होते. आता आहे ते खोल, स्थिर आणि गढूळ. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला तेव्हा उरलेसुरले ओळखीचे काठही गेले.

त्याच वर्षी जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या पर्वाला, धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेच्या पूजेसाठी निघालेल्या भाविकांची बोट उलटली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे तीत होती आणि मृतांत लहान मुले होती. भुषा हे आज नर्मदा पाहण्याचे ठिकाण म्हणून पुढे येते आहे आणि तिथला देखावा खरोखर विलक्षण आहे: दोन्ही बाजूंनी सातपुडा-विंध्याचे डोंगर आणि मध्ये हिरवट पाण्याची लांबच लांब पट्टी. पण इथे पोहू नये. बोटीत बसायचे तर लाइफ जॅकेट अंगावर बांधूनच बसावे. ते बोटीच्या तळाशी पडलेले असेल तर त्याचा उपयोग नाही. बोट भरलेली असेल तर पुढची बोट घ्यावी. काठावरच्या पाड्यांना ही निवड नसते. त्यांचा बाजार, शाळा आणि दवाखाना बोटीवरच अवलंबून आहे, इतका की या भागासाठी आरोग्य खात्याला तरंगते दवाखाने चालवावे लागले. पर्यटनासाठी सुरक्षित धक्का आणि चांगल्या बोटी येणार असतील तर त्या आधी या पाड्यांसाठी यायला हव्यात.

नर्मदा परिक्रमेचा दक्षिण तटावरचा रूढ मार्गही आता इथे काठापासून दूर गेला आहे. परिक्रमावासी शहादा-प्रकाशा करत पुढे गुजरातेत उतरतात आणि वाटेत स्नान घडते ते तापीत.

प्रकाशा ही जिल्ह्यातली स्नानाची सर्वांत जुनी जागा. तापी आणि गोमाई यांचा संगम, केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वराची देवळे, दक्षिण काशी हे नाव. १९५४-५५च्या उत्खननात इथे ताम्रपाषाण काळापासून वस्ती असल्याचे दिसले, म्हणजे या काठावर माणूस साडेतीन हजार वर्षांपेक्षा जास्त काळ पाण्यात उतरतो आहे. इथे घाट आहे, पायऱ्या आहेत, नावाडी आहेत, काय घडते ते पाहणारे डोळे आहेत. बुडी मारून वर यायचे एवढाच हेतू असेल तर जिल्ह्यात यापेक्षा बरी व्यवस्था नाही.

तरीही प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाल्यापासून तापीचे रूप बदलले आहे. एरवी उन्हाळ्यात वाळूतून रेंगाळणारी नदी आता बॅरेजमागे भरलेली राहते. पावसाळ्यात वर हतनूर धरणातून पाणी सोडले की बॅरेजचे दरवाजे उघडतात आणि काठच्या गावांना इशारे जातात. ते इशारे गावाला कळतात. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या सहलीच्या कुटुंबाला कळत नाहीत. दुसरा धोका वाळूउपशाचा. पात्रात जिथे वाळू खणून नेली, तिथे पाण्याखाली उभ्या कडांचे खड्डे राहतात. काल कंबरभर असलेली जागा आज बुडवते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो आणि राज्याबाहेरूनही माणसे येतात. ती नदीकडे जाणारच. उपशाच्या जागा त्या दिवसांपुरत्या तरी दोर बांधून बंद ठेवणे हे कठीण काम नाही.

शहादा तालुक्यातले उनपदेव ही वेगळीच चीज आहे. सातपुड्याच्या पायथ्याने, नर्मदा-तापी खोऱ्यांच्या भेगाळलेल्या पट्ट्यात, खान्देशात गरम पाण्याचे अनेक झरे आहेत. चोपडा तालुक्यात अडावदजवळही उनपदेव नावाचाच झरा आहे. मुरलेले पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तिथे तापते आणि दाबाने वर येते. ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही. हिवाळ्याच्या सकाळी गोमुखातल्या धारेखाली बसण्याचे सुख मोठे आहे. त्वचारोग बरा होतो अशी श्रद्धा आहे. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी एवढेच सांगेन की उघडी जखम किंवा खरूज घेऊन सगळ्यांच्या कुंडात उतरू नये, धारेखालीच बसावे. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात मेंदूज्वर करणारा एक दुर्मीळ अमीबा वाढू शकतो आणि तो नाकावाटे शिरतो. केरळात अलीकडे त्याचे रुग्ण आढळले आहेत. म्हणून कुंडात बुडी मारणे, नाकात पाणी जाऊ देणे टाळावे.

धरणांच्या तलावांबद्दल थोडक्यात. शिवण नदीवरचे विरचक, शहाद्याकडचे दरा आणि सुसरी, नवापूरकडचे रंगावली आणि नागन, शिवाय १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाईचे नवापूर-नंदुरबारपर्यंत पसरलेले फुगवटे. विरचकचे पाणी नंदुरबार शहर पिते, त्यामुळे तिथे डुंबण्याचा प्रश्नच येऊ नये. बाकीच्या तलावांत भिंतीजवळ, सांडव्याखाली आणि कालव्याच्या तोंडाशी उतरणे म्हणजे जिवावरचा खेळ. उकाईच्या फुगवट्याचा काठ सपाट आणि मोहक दिसतो, पण गाळाची गोष्ट तिथेही तीच. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीच्या पुराने नवापुरात काय केले हे ज्यांनी पाहिले, ते पावसाळ्यात नदीपात्रात गाडी धुवायलाही उतरत नाहीत.

पाणी स्वच्छ आहे का, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावरच्या स्नानाच्या पाण्याला निकष आहेत: १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जीवाणू ५०० पेक्षा जास्त नकोत, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, जैविक ऑक्सिजन मागणी ३ मिलिग्रॅमच्या आत हवी. युरोपात तलाव आणि नद्यांवरच्या मान्य स्नानस्थळांचे पाणी हंगामभर तपासतात आणि निकाल लोकांसमोर ठेवतात. भारतात ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन २०२० मध्ये पहिल्यांदा आठ किनाऱ्यांना मिळाले, ते सगळे समुद्राचे. डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या काठाकडे त्या नजरेने कोणी पाहिलेले नाही. तोवर साधा नियम पाळावा: जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस सपाटीवरच्या नदीत उतरू नये, कारण शहादा-तळोद्याच्या कापूस, केळी, पपई, उसाच्या शेतांवरची औषधे आणि गावांचे सांडपाणी पहिल्या पाण्याबरोबरच येते. डोंगरात गावाच्या आणि गोठ्यांच्या वरच्या अंगाचे पाणी बरे, पण तिथे पिण्याचे पाणी भरत नसतील तरच.

एक बाब या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे आणि ती पर्यटनाच्या कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचलेली नाही. इथल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्या व्यक्तीला थंड पाण्यात अचानक उतरल्याने, अंगाला गारठा बसल्याने किंवा शरीरातले पाणी कमी झाल्याने असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. आश्रमशाळेची सहल डोहावर नेणाऱ्या शिक्षकाला कोणत्या मुलाकडे कोणते सिकलसेल कार्ड आहे हे माहीत असायलाच हवे. अशा मुलाला काठावर ताटकळत बसवण्याचीही गरज नाही. ऊन असताना, थोडा वेळ, कोमट पाण्यात तोही खेळू शकतो. लगेच अंग पुसून कोरडे कपडे मात्र द्यावेत.

आता उपायांकडे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत बंदीचे आदेश निघाले. आदेशाची गरज मी नाकारत नाही. पुराच्या दिवसांत धबधबे बंदच असावेत. परंतु वर्षभर आणि सरसकट घातलेली बंदी कोणी पाळत नाही. ती मोडणारा पहारा नसलेल्या आडजागी जातो आणि तिथे बुडतो. भारतात दरवर्षी बुडून मरणाऱ्यांची संख्या तीस हजारांवर जाते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला. तो नंदुरबारच्या पाड्यापर्यंत पोहोचवायचा तर मार्ग ग्रामसभेतून जातो.

जिल्ह्याचा बहुतांश भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला आपल्या परिसरातल्या संसाधनांवर अधिकार दिले आहेत. डोह कुठला उघडा ठेवायचा, किती दिवस, किती माणसांसाठी, कुठली जागा देवाची म्हणून आणि कुठली पिण्याच्या पाण्याची म्हणून वर्ज्य, हे तिथल्या ग्रामसभेने ठरवावे. शुल्क तिनेच घ्यावे आणि त्यातून गावातल्याच पोहणाऱ्या तरुण-तरुणींना हंगामापुरते जीवरक्षक म्हणून पगार द्यावा. काठावर एक दोर, लांब बांबू, दोराला बांधलेला रिकामा बंद कॅन आणि बायकांना कपडे बदलण्यासाठी आडोसा, एवढ्यावर सुरुवात होते. बाहेरच्या ठेकेदाराला काठ देऊन हे साधणार नाही, कारण त्याला पाणी ओळखता येत नाही.

वाचवण्याच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे. बुडणाऱ्याला पाहून दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात, हे आपण वर्तमानपत्रात वारंवार वाचतो. आधी दोर, बांबू, साडी, जे असेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून, गरगर फिरवून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची जुनी रीत सोडावी, तीत मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि मदत येईपर्यंत थांबायचे नाही.

शेवटी प्रश्न इथल्याच मुलांचा उरतो. पर्यटक दोन दिवसांनी परत जातो, जलाशयाच्या काठचे मूल तिथेच राहते. आजोबांनी वाळूच्या उथळ काठावर पोहणे शिकवले, नातवाला शिकवायला तो काठ नाही. बांगलादेशात यावर एक साधा उपाय यशस्वी झाला आहे: गावतळ्यात बांबूची चौकट आणि फळ्यांचा मचाण बुडवून मर्यादित खोलीची सुरक्षित जागा करायची आणि तीत मुलांना पोहणे व बचाव शिकवायचे. बांबू सातपुड्याला नवा नाही, तो बांधणारे हातही नवे नाहीत, आणि मचाण तरता केला तर पातळी वर-खाली झाली तरी तो पाण्याबरोबर चढतो-उतरतो. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा परिषद यांनी आश्रमशाळांच्या वेळापत्रकात पोहण्याचा तास घ्यावा, मुलींसाठी तो आवर्जून घ्यावा आणि सुरुवात अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या शाळांपासून करावी.